हक्कसोडीची सही: माझी ‘राजीखुशी’ आधीच टाइप झाली होती

मोगरी

वडील जाऊन दीड वर्ष झालं. गेल्या आठवड्यात दादाचा फोन आला, “शुक्रवारी ये, एक सही आहे.” लगेच वहिनीने फोन घेतला, “ताई, येतच आहात तर दोन दिवस राहूनच जा, पुरणपोळी आणि कटाची आमटी करते.” वडील गेल्यापासून ‘राहायला या’ हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

रात्री धाकट्याने व्हॉट्सअ‍ॅपवर मसुदा पाठवला. हक्कसोड पत्र. सांगलीकडची चार एकर बागायत, ऊस असतो त्यात. वर माळाची तीन एकर जिरायत, विहिरीतला हिस्सा आणि जुनं घर. लिहून घेणार दोघे भाऊ. लिहून देणार आई, मी आणि धाकटी बहीण.

मी सव्वीस वर्षं बँकेत काढली, परक्यांच्या कर्जाचे कागद तपासण्यात डोळे घालवले. त्यामुळे सवयीने ओळ न् ओळ वाचली. माझ्या नावापुढे लिहिलंय ‘धंदा: घरकाम’. धाकटा पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे, ऊसतोड कधी आहे ते दादाला फोन करून विचारतो. त्याच्या नावापुढे ‘धंदा: शेती’. माझं माहेरचं नाव कंसात, ‘पूर्वाश्रमीचे’. हा शब्द आपण संन्याशांसाठी वापरतो ना? संन्यासी तरी स्वतःच्या इच्छेने घर सोडतो.

आणि मग ती ओळ. “सदरचे पत्र मी माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दडपणास बळी न पडता, विनामोबदला, भावांवरील प्रेमापोटी लिहून देत आहे.” तोवर मला कोणी काही विचारलंही नव्हतं. राजीखुशी टाइप होऊन आली होती, फक्त सही बाकी.

मला जमीन नकोय, बहुतेक. पेन्शन आहे, घर आहे. पण ‘नको’ हे मी म्हणायचं होतं ना? ह्यांना विचारलं तर म्हणाले, “तुझं तू ठरव, मी मध्ये पडणार नाही.” नवऱ्यांना हे वाक्य फार छान जमतं. तुमच्याकडे काय झालं, सांगाल का?

अबोली७१

मी २००८ मध्ये सही केली. आजही राखीला बोलावतात, ओटी भरतात, सगळं व्यवस्थित. सही केली नसती तर बोलावलं असतं का? ते मला कधी कळू नये म्हणूनच सही केली, असं आता वाटतं.

शहाणासुर्ता

कायद्याने मिळतं म्हणून ओरबाडायलाच हवं का? पैशाची ददात नाही असं तुम्हीच लिहिलंय. गुंठे नात्यापेक्षा मोठे झाले की माहेर संपतं. माझ्या आत्यांनी हसत सह्या केल्या, आजही घरात त्यांचा शब्द चालतो.

गोधडी

@शहाणासुर्ता, गुंठे नात्यापेक्षा मोठे नाहीत हे दर वेळी बहिणीलाच का ऐकवतात? भावालाही सांगा की कधीतरी. आणि आत्यांचा शब्द चालतो तो कशात? लग्नातल्या साड्या निवडण्यात, की विहिरीवर मोटर किती अश्वशक्तीची बसवायची यात?

जिरायतदार

मी ‘लिहून घेणार’ बाजूचा माणूस आहे, शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. आम्ही एक भाऊ, तीन बहिणी. सात एकर कोरडवाहू. सोसायटीचं कर्ज माझ्या नावावर. दुष्काळात दोन बोअर मारले, दोन्ही कोरडे गेले. वडील आजारी होते तेव्हा आठ महिने मी बाहेरगावी एक रात्रही मुक्काम केला नाही. बहिणी यायच्या, रडायच्या, डाळिंबं ठेवून जायच्या. त्यांना दोष देत नाही, त्यांचे त्यांचे संसार. पण आता चौघांत सात एकर वाटले तर कुणाच्याच वाट्याला धड काही उरत नाही. वर तुकडेबंदी आहेच, ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडे पाडता येत नाहीत. शिवाय आई माझ्याकडे. तिचं दुखणंखुपणं कोण बघणार? हिस्सा न्यायला चार, आई सांभाळायला एक, हा हिशोब मला पटत नाही.

गोधडी

आईचं कोण बघतं? तुम्ही की तुमची बायको? खोचून विचारत नाहीये.

जिरायतदार

बायको. अंघोळ, गोळ्या, रात्रीचं उठणं, सगळं तीच करते. मी दवाखान्यात नेतो. आणि पुढचा प्रश्न विचारण्याआधीच सांगतो, सातबाऱ्यावर तिचं नाव नाही.

खारीक

प्रामाणिक उत्तर. ‘मी सांभाळतो’ म्हणणाऱ्या बहुतेक घरांत ‘मी’ म्हणजे सून असते. २०२४ च्या सरकारी वेळवापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि ते करणारे पुरुष ८८, असं आलं होतं. म्हणजे सांभाळल्याबद्दल जमीन द्यायची तर ती आधी सुनेला जायला हवी. तसं झालेलं कुणी पाहिलंय का?

माझी एक शंका. माझं लग्न १९९१ चं. भाऊ म्हणतो, ‘चौऱ्याण्णवच्या आधी लग्न झालेल्या मुलींना हक्कच नाही, सही नुसती उपचारापुरती.’ खरं आहे का? आणि उपचारापुरती असेल तर इतकी घाई कशाची?

काळा_कोट

@खारीक, भावाने अर्धं खरं सांगितलंय. महाराष्ट्राने १९९४ मध्ये केंद्राच्या अकरा वर्षं आधी हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने सहदायक, म्हणजे जन्मतः हिस्सेदार केलं. पण त्या दुरुस्तीच्या आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. तीच गोष्ट तीस वर्षं गावोगाव फिरतेय. पुढे ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राची दुरुस्ती लागू झाली आणि विवाहित-अविवाहित हा भेदच गेला. मग वाद निघाला की त्या तारखेला वडील हयात असायला हवेत का. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात सांगितलं, गरज नाही, मुलीचा हक्क जन्मापासूनचा. अपवाद एवढाच की २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटप किंवा विक्री झाली असेल तर ती उकरता येत नाही. वडिलांनी स्वतः कमावलेल्या मिळकतीचं मृत्युपत्र केलं असेल तर तो विषय वेगळा.

@जिरायतदार, नाव लागणं म्हणजे उद्या कुंपण घालून तुकडे पडणं नव्हे. सामाईक खातं राहू शकतं, कसणारा एकच राहू शकतो. तुकडेबंदीचा बाऊ बहिणीपुढे जेवढा होतो तेवढा दोन भावांच्या वाटणीत होताना मी पाहिलेला नाही.

हक्कसोडीबद्दल: ती नोंदणीकृत करावी लागते आणि एकदा झाली की ‘माझा विचार बदलला’ म्हणून मागे घेता येत नाही. फसवणूक किंवा दबाव सिद्ध करायचा तर दिवाणी न्यायालय, तेही कळल्यापासून तीन वर्षांच्या आत. आणि ‘राजीखुशीने’ लिहिलेल्या कागदावर तुमचीच सही, फोटो आणि अंगठा असतो.

शहाणासुर्ता

कायदा मान्य. पण मुलीच्या लग्नात बापाने केलेला खर्च कुठे जातो? तो तिचा हिस्साच झाला की. शिवाय सासरची मिळकत तिचीच असते.

अबोली७१

लग्नाचा खर्च जेवून गेलेल्या आठशे माणसांच्या पोटात जातो. मला त्यातलं एक केळवण आणि एक ताप आठवतो. आणि भावाच्या लग्नात काय कमी खर्च झाला होता? तो कुणी त्याच्या हिश्श्यातून वळता केला नाही.

काळा_कोट

‘सासरची मिळकत तिचीच’ हे वाक्य कुठल्याही कायद्यात नाही. नवरा जिवंत असेपर्यंत त्याच्या मिळकतीत बायकोचा वाटा नसतो. राहण्याचा आणि पोटगीचा हक्क असतो, मालकी नाही. स्वकष्टार्जित तर तो मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतो.

उलट बाजू बघा. हिंदू वारसा कायद्याचं कलम १५: बाईने स्वतः कमावलेलं असेल, मूलबाळ-नवरा मागे नसेल आणि मृत्युपत्र नसेल, तर पहिला मान नवऱ्याच्या वारसांचा, तिच्या आईवडिलांचा त्यानंतर. २००९ चा ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण हा निकाल वाचा. लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेली मुलगी, सासरच्यांनी बाहेर काढली, माहेरच्यांनी शिकवली, नोकरी करून तिने पैसे साठवले. ती गेल्यावर ते पैसे नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना मिळाले. तेव्हा बायकांनो, मृत्युपत्र करा. मोगरीताई, तुम्ही केलंय का?

मोगरी

नाही केलंय. बँकेत हजार लोकांना ‘नॉमिनी भरा’ म्हणून बजावलं.

गावनमुना

मी निवृत्त तलाठी. आमची बाजू कुणी मांडत नाही म्हणून लिहितो.

खातेदार वारला की वारस अर्ज येतो, सहा-क च्या म्हणजे वारसांच्या नोंदवहीत चढतो, मग फेरफार (हक्क बदलल्याची नोंद), नोटीस, पंधरा दिवसांची मुदत, आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. कागदावर सगळं चोख. पण माझ्या सुरुवातीच्या काळात बहिणींची नावं मालकीच्या रकान्यात न घेता ‘इतर हक्क’ या रकान्यात टाकायची पद्धत होती. म्हणजे जिथे झाडांची, विहिरीची, बोजाची नोंद असते, त्या पंगतीत बहिणी. मीही टाकल्यात. कुणी सांगितलं नव्हतं, आधीच्या तलाठी भाऊसाहेबांनी टाकलेल्या बघून आम्ही टाकायचो.

चावडीत बहिणीला विचारायचो, “बाई, तुमची काही हरकत नाही ना?” भोवती दोन भाऊ, चुलते, पोलीस पाटील. दारात भाच्याच्या गाडीचं इंजिन चालू, परत सोडायला. हरकत आहे म्हणणाऱ्या बायका सगळ्या नोकरीत मला दोन भेटल्या. त्यातल्या एकीला पुढे गावात ‘कोर्टाची’ म्हणायला लागले, तेही ती कोर्टात गेली नव्हती तरी. तिने फक्त “वाचून सांगते” म्हटलं होतं.

मोगरीताई, तुम्हीही एवढंच म्हणा. वाचून सांगते.

शहाणासुर्ता

@गावनमुना, तुमच्या प्रतिसादाने गप्प बसलो. आत्यांची नावं कुठल्या रकान्यात आहेत ते बघतो.

पाटलीण

उशिरा आले. नाशिक जिल्ह्यातली आहे, चांदवडला १९८६ मध्ये शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं तेव्हा नवी सून होते, सासूबाईंबरोबर ट्रॉलीत बसून गेले होते. त्यानंतर तीन-चार वर्षांनी शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्ती काढली. ज्या गावात शंभर शेतकरी आपण होऊन बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा करतील त्या गावाला ते स्वतः येणार. तरण्या मुलींना हे आज खोटं वाटेल, पण पुरुषांनी केलं. सासऱ्यांनी सासूबाईंच्या नावावर एक एकर केलं.

मिरवणूक आटोपली, हार वाळले. पुढे काय झालं ते सांगते. सोसायटीचं कर्ज काढायचं होतं, त्या एकरासाठी सासूबाईंची सही लागणार होती. सासरे सेक्रेटरीला म्हणाले, “हिला विचारून सांगतो.” मी चहा घेऊन उभी होते. पंचवीस वर्षांच्या त्यांच्या संसारात ते वाक्य त्या घरात कुणी ऐकलं नव्हतं. सासूबाईंनी कर्जाला होच म्हटलं, त्यात काही नाही. पण म्हणण्याआधी दोन दिवस लावले. मुद्दाम लावले, हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

आणि एक विचारते, मोगरी. तुझ्या मसुद्यात लिहून देणाऱ्यांत पहिलं नाव आईचं आहे. इतके प्रतिसाद आले, त्या बाईबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. तूसुद्धा नाही.

मोगरी

पाटलीणबाई, दोन तास झाले तुमचा प्रतिसाद वाचून, आत्ता लिहितेय.

मी बँकेत स्वाक्षरीतला वेलांटीचा फरक पकडायचे. ‘धंदा: घरकाम’ मला टोचलं, ‘पूर्वाश्रमीचे’ टोचलं. आईचं नाव वाचलं आणि पुढे गेले. ती सोडणारच हे मीही धरूनच चालले होते.

काळा_कोट

पाटलीणबाईंनी नेमकं बोट ठेवलं. माझीही नजर चुकली. विधवा पत्नी पहिल्या वर्गाची वारस आहे, मुलांच्या बरोबरीने. ‘कशाला तुला या वयात कटकट’ म्हणून तिचं नाव काढतात, आणि मग तीच बाई २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांपुढे निर्वाहभत्ता मागायला उभी राहते. मालक असलेली बाई एका सहीत अर्जदार होते. त्या कायद्यात कलम २३ आहे, सांभाळ न केल्यास दिलेली मिळकत परत मिळवता येते. पण ‘सांभाळ करण्याच्या अटीवर’ असं कागदात नसेल तर त्याचा आधार मिळणं अवघड. आणि तुमच्या कागदात तर ‘प्रेमापोटी’ आहे.

तुम्ही आणि बहिणीने काय करायचं ते तुम्ही ठरवा. आईंची सही मात्र होऊ देऊ नका.

जिरायतदार

आमच्या आईचं नाव मी आठ महिन्यांपूर्वीच कमी करून घेतलं. मला खरंच वाटलं होतं की तिच्यावरचं ओझं उतरवतोय. सही करताना ती म्हणाली होती, “म्हणजे आता माझं काही नाही ना?” मला वाटलं, खात्री करून घेतेय.

गोधडी

:(

मोगरी

शुक्रवार झाला. सांगते.

गुरुवारीच गेले. पुरणपोळी झाली, मी दोन खाल्ल्या. रात्री आईजवळ झोपले आणि अंधारात तिला सगळा मसुदा वाचून दाखवला, मोबाइलच्या उजेडात. ती काही बोलली नाही. ‘राजीखुशीने’ला फक्त “हं” म्हणाली.

सकाळी दादाने गाडी काढली. धाकटा पुण्याहून पहाटेच आलेला. आई चपला घालून ओट्यापर्यंत आली आणि म्हणाली, “माझ्या चष्म्याचा नंबर बदललाय. नवा चष्मा येऊ दे, मग वाचते, मग सही करते.” धाकटा म्हणाला, “अगं, मी वाचून दाखवतो की.” तर म्हणे, “मोगरीने दाखवलंय. आता मला वाचायचंय.” आणि आत जाऊन तांदूळ निवडायला बसली. बिनचष्म्याने. खडे बरोबर वेचत होती.

दादा माझ्यावर भडकला, साहजिक आहे. “तू पढवलंस तिला.” मी म्हटलं, वाचून दाखवलं. तो म्हणाला, “एवढी वर्षं शेती मी केली.” ते खरंच आहे. मी म्हटलं, सगळ्यांची नावं लागू दे, कसायला तूच, उत्पन्नात मी एक रुपया मागणार नाही, हवं तर तसं लिहून घे, आईला मात्र दरवर्षी तिच्या वाट्याचे उसाचे पैसे तिच्या खात्यात जाऊ देत. धाकटी बहीण म्हणाली, मी सही करणार, मला भांडण नको. करू दे, तिचं ती ठरवेल. वहिनी दोन दिवसांत माझ्याशी कामापुरतंच बोलली. निघताना डब्यात पुरणपोळ्या मात्र बांधून दिल्या, झाकण घट्ट लावून.

हे झालं माहेरचं. पण एक गोष्ट पहिल्या दिवशी इथे लिहिली नव्हती. पाटलीणबाईंनी आईचं विचारलं त्या रात्रीपासून ती छातीवर बसली आहे.

२०१३ मध्ये आमच्या वन्संनी ह्यांच्या नावे हक्कसोड केली. त्या दिवशी पुरणपोळी मी केली होती. ओटी मी भरली. साडी मी आणली, आमसुली रंगाची, चांगली भारीतली. आणि रात्री ह्यांना म्हणाले होते, “वन्सं किती मोठ्या मनाच्या, नाही?” त्यांना तो कागद वाचायला मिळाला का, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. बँकेत असताना! परवा घरी आल्यावर ह्यांना विचारलं, तुमच्या बहिणीचं काय? ते पेपर खाली न घेता म्हणाले, “ते झालं ना आता.”

काळा_कोट, ते परत फिरवता येईल का?

काळा_कोट

हक्कसोड रद्द होणार नाही. ह्यांना द्यायचंच असेल तर बक्षीसपत्र करावं लागेल. त्यात गंमत अशी की बहिणीने हिस्सा सोडला तेव्हा मुद्रांक शुल्क नाममात्र लागलं असेल. आता भावाने बहिणीला बक्षीस द्यायचं तर शुल्क टक्क्यांत लागतं.

अबोली७१

वन्संना आधी विचारलंस का? त्यांच्या वतीने परत तूच ठरवू नकोस.

मोगरी

बरोबर आहे अबोली, तेच करत होते मी. काल फोन केला.

त्या आधी हसल्या. म्हणाल्या, “वहिनी, बारा वर्षांनी काय काढलंत!” मग म्हणाल्या, पोळ्या छान झाल्या होत्या त्या दिवशी. मी विचारलं, कागद वाचला होता का तुम्ही? “कुठला वाचते? दादाने पान उलटून धरलं होतं, जिथे फुली होती तिथे सही केली.” थोडा वेळ दोघी गप्प. मग त्या म्हणाल्या की घरी गेल्यावर शेजारच्या बायकांना सांगितलं, भावाकडे पाहुणचाराला गेले होते. सहीचं बोलल्या नाहीत. सासूबाईंनाही नाही. “काय सांगणार? त्यांनी विचारलं असतं, काय दिलं भावाने.”

मी साडीचं विचारलं.

“आहे की कपाटात. फॉल लावायचा राहिलाय अजून.”

रविवारी येतायत. ह्यांना सांगितलंय, जुना दस्त शोधून ठेवा, वन्सं वाचणार आहेत.